म्हस गावली का?

घणसोली आणि रबाळे या दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात तळवली गाव आहे. मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या, आणि भाताच्या खाचरांच्या जागी एकमेकींना खेटून इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ही गोष्ट घडली.

घरात चार माणसं. रबाळ्याच्या एमआयडीसीत फिटर असलेला मुलगा, त्याची बायको, आठवीतला नातू आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा. 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, राज्यातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो. त्या निमित्तानं बाईंनी मुलांना विचारून यायला सांगितलं होतं, घरातली मोठी माणसं सध्या कोणतं पुस्तक वाचतायत? नातवानं विचारलं तेव्हा बापाच्या हातात मोबाईल होता. त्याला उत्तर देता आलं नाही. दहावीपर्यंत हाच माणूस किराणा बांधून आलेल्या कागदावरच्या गोष्टीसुद्धा वाचायचा.

पोराचा पडलेला चेहरा त्याला झोपू देईना. शनिवारी तो ठाण्याला गेला. तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं. सभासद झाला, आणि आजच्या लेखकाचं काहीतरी हवं म्हणून कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ घेऊन आला. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळालेला. रोज रात्री तीस पानं, महिनाभर, असं त्यानं जाहीर केलं. नातवानं कालनिर्णय काढलं आणि वाचलेल्या प्रत्येक तारखेवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचं काम स्वतःकडे घेतलं.

पहिल्या रात्री तिसऱ्या पानावर त्याचा डोळा लागला. दुसऱ्या रात्री कारखान्याच्या ग्रुपवर कुणीतरी काहीतरी टाकलं आणि साडेअकरा वाजले. त्या आठवड्यात कालनिर्णयवर दोनच खुणा झाल्या. तो स्वतःवर चिडला, तीसची वीस पानं केली, मग दहा. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. आठ तास यंत्रासमोर उभं राहून आल्यावर पुस्तक उघडायला बसणं ही काही लहान गोष्ट नाही. पण नुसत्या निर्धाराच्या जिवावर सवय लागत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बायकोला पहाटे उठायचं असायचं, म्हणून आठव्या रात्री तो बाहेरच्या खोलीत येऊन बसला. तिथे खाटेवर आजोबा असायचे. दुसरीनंतर शाळा सुटलेली, आता डोळ्यांत मोतीबिंदू. थोडा वेळ ते मुलाचे हलणारे ओठ बघत राहिले.

“मोठ्यानं वाच ना रं. मनात वाचलंस तं मला काय मिलनार?”

तो मोठ्यानं वाचू लागला. धरणात गाव गेलेली माणसं, आणि मागे डोंगरात राहिलेली म्हैस. भाषा कोल्हापूरकडची, आजोबांना शब्द अडायचे, पण म्हशीपाशी काहीच अडत नव्हतं. चार-पाच पानं झाली की ते हात वर करायचे, म्हणजे आता बास. तीस पानांचा हट्ट आपोआप सुटला.

पुढच्या आठवड्यात एकदा ओव्हरटाइम लागला. घरी पोचायला बारा वाजले. अंग मोडून आलेलं. आज राहू दे, असं ठरवूनच त्यानं लॅच उघडलं. आजोबा दिवा लावून खाटेवर बसलेले. जेवलास का, उशीर का झाला, काही नाही.

“म्हस गावली का?”

त्यानं हातपाय धुतले आणि पुस्तक उघडलं.

कादंबरी संपत आली तेव्हाची रात्र. त्यानं पान उलटलं आणि आजोबा मधेच म्हणाले, “आपली बी आलेली.” कोण आलेली, हे कुणालाच कळेना. मग ते सांगू लागले. जमीन गेली, चारा संपला, तशी घरची म्हैस ठाण्याकडच्या तबेल्यात विकली. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव चांदी. तिसऱ्या दिवशी पहाटे दारात हंबरडा ऐकू आला. दावं तोडून खाडीकडच्या बांधांवरून ती चालत आली होती, गळ्यात दाव्याचं तुटकं टोक. पैसे तर खर्चून झालेले. वीस-बाविशीतल्या आजोबांनीच तिला पुन्हा नेऊन सोडलं. सांगताना त्यांच्या दोन्ही हातांची बोटं मांडीवर आळीपाळीनं मिटत-उघडत होती, धार काढताना मिटतात तशी. पन्नास वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला माहीत नव्हतं. आपण वाढलो त्या जागी गोठा होता, हेसुद्धा त्याला त्या रात्री कळलं.

पुस्तक तसंच उघडं राहिलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिलाही झोप लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, “पुढचं गिरणीचं काहीतरी आणा.” तिचे वडील लालबागच्या गिरणीत होते, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तोपर्यंत. त्यानं जयंत पवारांचा कथासंग्रह आणला, ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. आता ऐकायला तिघं बसू लागले, आणि वाचणारा कधी तो, कधी ती. दिवाळीत फराळाची ताटं मांडीवर घेऊनही पानं झाली.

महिना भरला तेव्हा नातवानं कालनिर्णय भिंतीवरून उतरवलं. पहिला आठवडा जवळजवळ कोरा, पुढे ओळीनं खुणा. मधे एकच तारीख मोकळी होती, चांदीच्या गोष्टीची. त्या रात्री एकही पान वाचून झालं नव्हतं. पेन्सिल हातात धरून त्यानं बापाकडे पाहिलं.

“कर,” बाप म्हणाला.

नातवानं खूण केली. कालनिर्णय खिळ्याला लावलं. नऊ वाजून गेले होते आणि आजोबा खाटेवर एका कडेला सरकून बसले होते.