सैनिकाचे समावर्तन

ज्या माणसाने वेळ पडल्यास प्राण देण्याची शपथ घेतली आहे, त्याने ती शपथ पाळत असतानाच तिच्यानंतरच्या आयुष्याची तयारी करावी की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता नोकरी, प्रशिक्षण आणि पेन्शन यांच्या व्यवहाराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी निष्ठा आणि आसक्ती यांतील भेदाचा जुना प्रश्न आहे. पलटणीत असा एक समज वावरतो की ज्याचे लक्ष बाहेर लागले तो मनाने गेलाच, आणि म्हणून सेवेच्या मध्यावर एखादा जवान बाहेरच्या परीक्षेचे पुस्तक उघडतो तेव्हा त्याला काहीसे ओशाळल्यासारखे होते. नाम, नमक आणि निशाण या तीन शब्दांत फौजेने आपली निष्ठा बांधलेली असल्यामुळे त्या तिन्हींच्या पलीकडे पाहणे म्हणजे त्यांच्याशी प्रतारणा, असा अर्थ काढला जातो. हा समज सैनिकाचा गौरव करण्याच्या हेतूने रूढ झाला असला तरी धर्मविचाराच्या कसोटीवर तो टिकत नाही, आणि त्याची किंमत जवानाला व त्याच्या कुटुंबाला चुकवावी लागते.

भारतीय सैन्यातील जवान वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी भरती होतो, पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनला पात्र ठरतो आणि हुद्द्यानुसार बहुधा पस्तीस ते पंचेचाळीस या वयात घरी परततो. पेन्शनवर आलेला माणूस असे गाव ज्याला म्हणते, त्याची मुले त्या वेळी शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि घराचे कर्ज फिटायचे असते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने तर हा काळ चार वर्षांवर आणला असून प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांनाच पुढे नियमित सेवेत घेतले जाणार आहे. म्हणजे बाकीचे तरुण पंचविशीच्या आतबाहेर, इतरांची पहिली नोकरी सुरू होते त्या वयात, आपली पहिली नोकरी संपवून उभे राहतील.

आयुष्याच्या एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा विचार भारतीय परंपरेने आश्रमव्यवस्थेत केला आहे. ब्रह्मचर्य म्हणजे अध्ययनाचा काळ, गार्हस्थ्य म्हणजे संसाराचा व अर्थार्जनाचा काळ, वानप्रस्थ म्हणजे संसारातून हळूहळू हात काढून घेण्याचा काळ आणि संन्यास म्हणजे पूर्ण निवृत्ती, असे हे चार टप्पे होत. त्यांतील वानप्रस्थाचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे, कारण गृहस्थाला एका रात्रीत संन्यासी होता येत नाही हे ओळखून शास्त्रकारांनी संक्रमणासाठी आयुष्याचा एक पूर्ण टप्पा राखून ठेवला. मात्र सैनिकाच्या निवृत्तीला वानप्रस्थाची उपमा देणे ही चूक होईल. मनुस्मृतीने वानप्रस्थाची वेळ सांगताना अंगावरच्या सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवाचे मुख या खुणा दिल्या आहेत. अडतीस वर्षांच्या नायकाकडे किंवा हवालदाराकडे यांपैकी एकही खूण नसते, आणि तो तर गार्हस्थ्याच्या ऐन मध्यावर असतो.

त्याच्या स्थितीशी अधिक जुळणारा संस्कार समावर्तन हा आहे. गुरुगृही अध्ययन पूर्ण केलेल्या शिष्याने विधिपूर्वक घरी परतणे म्हणजे समावर्तन, आणि असा परतलेला तरुण म्हणजे स्नातक. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य निघणाऱ्या शिष्याला जो उपदेश करतात तो प्रसिद्ध आहे, आणि त्यात सत्य व धर्म यांच्या बरोबरीने स्वतःचे कुशल व ऐश्वर्य यांकडेही दुर्लक्ष करू नये असे ते बजावतात. शिष्य गुरुगृही प्रवेश करतो तो एक दिवस तेथून निघण्यासाठीच. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, आचार्यांनाही ठाऊक असते, आणि तरीही त्यामुळे अध्ययनातील एकाग्रता कमी होते असे कोणी म्हटलेले नाही. उलट निघाल्यावर जे उपयोगी पडेल तेच शिकविले जाते. निघणे हे जर प्रवेशातच अंतर्भूत असेल, तर निघण्याची तयारी हा त्या अवस्थेच्या धर्माचाच भाग ठरतो, आणि ही तयारी करणारा त्या अवस्थेशी बेइमान होत नाही. अग्निवीराच्या बाबतीत ही तुलना वयासकट लागू पडते.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो व तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. गुरुगृहातील शिष्याला मरणाची तयारी ठेवावी लागत नाही, सैनिकाला ठेवावी लागते. ज्याने चाळिशीनंतरचा बेत आखला आहे, तो आजच्या चकमकीत जीव झोकून देईल काय? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, कारण रणांगणावर मन दुभंगलेले असणे खरोखरच घातक असते. परंतु मन दुभंगते कशाने, हे पाहिले पाहिजे. गीतेने अर्जुनाला फळाची आसक्ती सोडण्यास सांगितले, पण भूमिकेची आसक्ती हीसुद्धा आसक्तीच आहे, आणि ती अधिक सूक्ष्म असल्यामुळे निष्ठेच्या वेषात वावरते. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या, साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीता प्रवचनांत स्वधर्माच्या बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या अंगांचा विवेक केला आहे. त्या विवेकानुसार पाहता रायफल हे सैनिकाच्या स्वधर्माचे बदलणारे अंग आहे, तर जबाबदारी अंगावर घेण्याची वृत्ती हे न बदलणारे.

भूमिका संपल्यावरही तिला धरून बसलेल्या योद्ध्याचे चित्र महाभारतानेच रेखाटले आहे, आणि तो योद्धा दुसरा तिसरा कोणी नसून अर्जुन आहे. मौसलपर्वात यादवांच्या संहारानंतर द्वारकेतील स्त्रिया, मुले व वृद्ध यांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर पंचनद प्रदेशात लुटारू चालून येतात. ज्या गांडीवाला प्रत्यंचा चढविणे त्याला कधी जड गेले नव्हते ते त्याच्याकडून मोठ्या कष्टाने सज्ज होते, दिव्य अस्त्रे आठवत नाहीत, अक्षय म्हटलेले भाते रिकामे होतात, आणि शेवटी धनुष्याच्या टोकाने लुटारूंना झोडपण्याची वेळ त्याच्यावर येते. त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया पळवून नेल्या जातात. हताश होऊन तो व्यासांच्या आश्रमात जातो, तेव्हा अस्त्रे ज्या कार्यासाठी आली होती ते संपले म्हणून ती गेली, असे व्यास त्याला समजावतात. एवढे ऐकूनही तो गांडीव टाकत नाही; महाप्रस्थानाला निघाल्यावरही ते त्याच्या खांद्यावर असते, आणि अग्नीने स्वतः वाटेत उभे राहून मागितल्यावर तो ते पाण्यात सोडतो. कुरुक्षेत्राच्या आरंभी ज्याला अठरा अध्यायांचा उपदेश मिळाला, त्याला युद्धानंतरच्या इतक्या वर्षांत शस्त्राविना जगण्याविषयी कोणी काही सांगितल्याचे दिसत नाही, ही उणीव विचार करायला लावणारी आहे.

तेव्हा सैनिकाचे मन दुभंगते ते पुढची वाट आखल्यामुळे नव्हे. न आखलेल्या वाटेची काळजी रात्रीच्या पहाऱ्यावर सोबत येते म्हणून ते दुभंगते. गीतेचा नववा अध्याय म्हणतो की जे अनन्यभावाने भक्ती करतात त्यांचा योगक्षेम, म्हणजे नसलेले मिळविण्याचा आणि असलेले राखण्याचा भार, भगवंत वाहतो. अनन्यतेची मागणी आणि योगक्षेमाची हमी या दोन गोष्टी तेथे एकत्र येतात, आणि राज्यसंस्था जेव्हा एखाद्या तरुणाकडून अनन्य निष्ठा मागते तेव्हा तिलाही या जोडीतला दुसरा भाग सोडून देता येत नाही.

हा विचार भिलाईसारख्या शहरात नेऊन पाहिला म्हणजे त्याचे व्यावहारिक रूप उघड होते. २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिलेला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ज्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली तो पोलाद कारखाना या शहराचा प्राण आहे. भारतीय रेल्वेच्या रुळांसाठी तो ओळखला जातो आणि विदर्भातून कामासाठी आलेल्या मराठी कुटुंबांसह देशभरच्या माणसांनी त्याभोवतीचे सेक्टर वसविले आहेत. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी लागलेल्या विशेष पोलादात भिलाईचाही वाटा आहे. टिळकांनी गीतारहस्यात ज्या लोकसंग्रहावर, म्हणजे समाजाची धारणा टिकवून ठेवणाऱ्या कर्मावर, भर दिला, त्यात भट्टीवरचा कामगार आणि नौकेवरचा खलाशी असे एकाच पोलादाच्या दोन टोकांना उभे आहेत. भट्टी रात्री विझवता येत नाही, तिन्ही पाळ्यांत कोणीतरी जागे असावेच लागते, आणि एकाच्या हलगर्जीपणाने दहा जणांचा जीव जाऊ शकतो. ही शिस्त सैनिकाला नवी नाही.

भिलाईच्या कारखान्यासारख्या सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगांत गट क च्या थेट भरतीच्या १४.५ टक्के आणि गट ड च्या २४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी, अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी व हुतात्म्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव आहेत, तेव्हा दार बंद आहे असे म्हणता येत नाही. अडचण कागदाची आहे. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षे जनरेटर सांभाळलेल्या माणसाला बाहेर विजेच्या कामासाठी राज्याच्या परवाना मंडळाचा परवाना लागतो. बॉयलर चालवायचा तर बॉयलर अटेंडंटचे सक्षमता प्रमाणपत्र लागते, ज्यासाठी ठरावीक अनुभव नियमांत बसेल अशा रीतीने नोंदलेला असावा लागतो आणि मग परीक्षा द्यावी लागते. डिस्चार्ज बुकात लिहिलेला ट्रेड हा त्या नोंदीची जागा आपोआप घेत नाही. पुनर्वसन महासंचालनालय जवानांसाठी निवृत्तीच्या सुमारास काही आठवड्यांपासून सुमारे सहा महिन्यांपर्यंतचे अभ्यासक्रम चालविते आणि ते उपयुक्तच आहेत, पण वर्षांच्या अनुभवाची नोंद शेवटच्या सहा महिन्यांत मागे जाऊन करता येत नाही. ती दहाव्या वर्षी सुरू झाली असेल तर पंधराव्या वर्षी हातात कागद असतो. नसेल तर तोच कुशल कारागीर कुठल्यातरी फाटकावर रजिस्टर घेऊन बसतो. फाटक राखणे हे हलके काम नाही, आणि स्वकर्माने ईश्वराची पूजा होते हे गीतेचे वचन तेथेही खरे आहे. परंतु दुसरे काही निवडण्याची संधी नाकारून मग या वचनाने त्याचे सांत्वन करणे हा धर्माचा गैरवापर होय.

स्वधर्माच्या नावाने माणसाला एका जागी खिळवून ठेवण्याचा धोका मराठी इतिहासाने जवळून पाहिला आहे. ज्या महार सैनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या व नंतर ब्रिटिश सैन्यात चाकरी केली, त्यांची भरती १८९० च्या दशकाच्या आरंभी लढवय्या जातींच्या सिद्धान्ताच्या आधारे बंद करण्यात आली, म्हणजे जे सैनिक होतेच त्यांना तुमचा तो स्वभाव नव्हे असे सांगण्यात आले. पण याच सैन्याने तोवर एक वेगळे काम करून ठेवले होते: पलटणीच्या शाळांतून सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण अनिवार्यपणे मिळत होते. १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीत राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी दोनच वर्षांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि पुढे भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळ सैन्याच्या शाळेत अनेक वर्षे शिकवीत होते, आणि निवृत्तीनंतर साताऱ्यास सरकारी नोकरी करताना मुलांच्या अभ्यासाची जी शिस्त त्यांनी घरात ठेवली तिच्यात भीमराव आंबेडकर वाढले. सेवाकाळातच हातात आलेली अक्षरे निवृत्तीनंतर या माणसांच्या कामी आली, आणि त्यांच्यापुरतीच मर्यादित राहिली नाहीत. त्या शिक्षणामुळे त्यांच्या सैनिकी कर्तव्यात काही उणे राहिल्याचा दाखला नाही.

अग्निवीराच्या पहिल्या महिन्याच्या तीस हजार रुपयांतून नऊ हजार रुपये सेवानिधीत जमा होतात आणि सरकार तितकीच रक्कम आपल्याकडून घालते, आणि दरमहाच्या अशा भरण्यातून चार वर्षांअखेर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये उभे राहतात. हा तरुण एक दिवस निघणार आहे हे राज्यसंस्थेने पहिल्याच पगारपत्रकात मान्य केलेले आहे, आणि त्यामुळे त्याच्या निष्ठेला बाधा येते असे कोणी म्हणत नाही. मग त्याच महिन्यापासून त्याच्या हातच्या कामाची नोंद बाहेरच्या नियमांत बसेल अशा वहीत सुरू करण्यास, आणि दरवर्षी ती तपासून कोणती परीक्षा केव्हा द्यायची हे त्याच्या वरिष्ठाने त्याला समोर बसवून सांगण्यास, निष्ठेच्या नावाने हरकत घेता येत नाही.