अधिकार आधी की साधन आधी?

साधकाची तयारी पाहून साधन द्यावं, हा आपल्या तत्त्वचिंतनातला जुना दंडक. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त विषयाच्याही आधी अधिकारी कोण हे येतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात योगावर चढू पाहणाऱ्याला कर्म आणि चढलेल्याला शम, असं निरनिराळं साधन सांगितलं आहे. पण तयारी झाली हे ओळखायचं कशावरून, आणि जुन्याच साधनावर ती पुरती होते का? विंडसर्फिंगमध्ये पुढचा बोर्ड निवडताना हाच पेच पडतो, आणि तिथे तो पाण्यावर तपासता येतो.

शिकाऊ बोर्ड साधारण 200 लिटरचा, रुंद, मधोमध डॅगरबोर्ड, म्हणजे पाण्यात खाली उतरणारी पाती, असलेला. शीड पाण्यात पडलं तरी त्यावर उभं राहून दोरीने ते वर ओढता येतं. पुढचे बोर्ड याहून लहान असतात; आता त्यांचा हिशेब पाहा. एक लिटर आकारमान सुमारे एक किलो भार पेलतं. माणूस 75 किलोचा, बोर्ड आणि शीड-डोलकाठी मिळून आणखी वीसेक किलो. म्हणजे 100 लिटरचा बोर्ड त्याला जेमतेम तरंगवतो आणि 80 लिटरचा थांबला की पायाखाली बुडतो. अशा बोर्डावर पाण्यात पडून राहायचं, शीड वाऱ्याला द्यायचं आणि त्याच्याच ओढीने वर यायचं. याला वॉटर स्टार्ट म्हणतात. मोठ्या बोर्डावरही हे शिकता येतं, पण दोरी हाताशी असल्यामुळे निकड भासत नाही. म्हणून ‘आधी पूर्ण पात्र व्हा, मग साधन बदला’ हा क्रम मला अपुरा वाटतो. पात्रतेचा काही भाग नव्या साधनावरच घडतो. मात्र सगळा नाही: ज्याला वाऱ्याची दिशा ओळखून किनाऱ्याला परतता येत नाही, त्याला 80 लिटरचा बोर्ड देणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. मधला 120-130 लिटरचा बोर्ड असतो तो याचसाठी.

यावर रास्त आक्षेप असा, की अधिकाराच्या याच भाषेने आपल्याकडे माणसांना दाराबाहेर ठेवलं. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी शूद्रांना वेदाधिकार नाकारला, हे झाकून चालणार नाही. पण तो अधिकार जन्मावर टांगलेला होता. तो कमावता येत नव्हता, पडताळताही येत नव्हता. वजन, वारा आणि कसब यांची कसोटी ज्याची त्याला लावता येते आणि तिचा निकाल बदलतो. वारकरी संतांनी नामाचं साधन सर्वांपुढे ठेवलं तेव्हा त्यांनी जन्माची अट काढली. सरावाची काढली नाही, नित्यनेम तसाच राहिला.

दुसरा आक्षेप बुद्धांच्या तराफ्याच्या दृष्टान्तातून निघेल: पार झालेल्याने तराफा डोक्यावर का वाहावा? खरं आहे, पण तो दृष्टान्त पैलतीरावर पोचलेल्याचा आहे. पाण्यात असेपर्यंत वारा केव्हाही पडू शकतो, आणि मग लहान बोर्डवाला निष्णात असूनही पाण्यात अडकून पडतो; तेव्हा डॅगरबोर्डचा मोठा बोर्डच घरी आणतो. ज्ञान झाल्यावर कर्म सुटतं असं शंकराचार्य मानतात. गीतेचा तिसरा अध्याय मात्र जाणत्यालाही लोकसंग्रहासाठी कर्म करायला सांगतो, आणि या वादात मी त्या अध्यायाच्या बाजूचा आहे. नवा बोर्ड घ्यावा. जुना विकू नये, कारण घरातल्या पुढच्या शिकाऊलाही तोच लागणार आहे.