एका हाताचे दोन मांत्रिक

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. त्या दिवशी थोडेसे खेळावे असा जुना संकेत आहे. तेव्हा या अंकात खेळाविषयी चार शब्द लिहिले तर वाचक रागावणार नाहीत. सभापर्वात द्यूताला आरंभ होण्यापूर्वी एक लहानशी बोलाचाली आहे. पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी, हे ऐकून युधिष्ठिर म्हणतो की एकाने दुसऱ्यासाठी खेळणे मला विषम वाटते. पुढे काय झाले ते घरोघर ठाऊक आहे. शकुनीच्या कपटाची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालली. कपटाच्या आधीचा हा आक्षेप मात्र तसाच पडून राहिला. कपट नसतेच, तर एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळण्यात विषम ते काय?

हा प्रश्न मला पुन्हा भेटला तो अगदी आजच्या एका खेळात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीने २००४ साली काढला. देशोदेशीचे लोक आपापल्या घरी संगणकापुढे बसून एकाच काल्पनिक जगात वावरतात. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक. एकट्याला न झेपणाऱ्या लढाया पुष्कळ, म्हणून सोबती जमवावे लागतात. पण काही जण ते जमवीत नाहीत. ते दोन खाती उघडतात, दोहोंचे पैसे भरतात आणि दोन्ही पात्रे स्वतःच चालवतात. माझा एक भाचा त्यांतला. त्याचा एक मांत्रिक आगीचे गोळे फेकतो आणि मागे उभी असलेली मांत्रिकीण त्याच्या जखमा भरते. जोडी मांत्रिकांचीच का, असे मी विचारले. तो म्हणाला, "मामा, तलवारवाल्याला सारखे शत्रूच्या मागे पळवावे लागते. मांत्रिक लांब उभा राहतो, आणि मंत्र पुरा होईपर्यंत तर त्याने हलायचेच नसते." एका हाताला दोघे सांभाळता येतात ते यामुळे.

तरीही माणसाला हात दोन आणि लक्ष एकच. म्हणून मॅक्रो. मॅक्रो म्हणजे आधीच लिहून ठेवलेली आज्ञा, जास्तीत जास्त २५५ अक्षरांची. कळ दाबली की ती सुटते. मांत्रिकिणीच्या मॅक्रोत एवढेच असते: मांत्रिकाने ज्याला लक्ष्य केले आहे त्यालाच तूही लक्ष्य कर, आणि मंत्र सोड. दुसऱ्या एका मॅक्रोने ती त्याच्या मागोमाग चालू लागते. युधिष्ठिराच्या सभेत एकाच्या खेळाला दोन माणसे होती. इथे दोघांच्या खेळाला एकच माणूस आहे.

आता या आज्ञांना किती शहाणे होऊ द्यायचे, हा खरा प्रश्न. आरंभीच्या काळात 'डिकर्सिव्ह' नावाची एक जोडणी खेळाडू वापरीत. चाळीस जणांच्या मोहिमेत कुणाला शाप लागला, कुणाला विष भिनले, हे तीच हुडकून काढी आणि त्याच्यावर उतारा टाकी. माणसाने एक कळ दाबत राहायचे, बस्स. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने हा प्रकार बंद केला. तेव्हापासून लढाईच्या ऐन धामधुमीत कुणावर कोणता मंत्र टाकायचा ते माणसाने ठरवायचे. मॅक्रोला काही प्रश्न विचारण्याची मुभा राहिली: समोरचा मित्र की शत्रू? जिवंत की मेलेला? मित्र असेल तर हा मंत्र, शत्रू असेल तर तो. पण समोरच्याला किती लागले आहे, हे विचारायची मात्र मुभा नाही.

ही रेघ मला फार मोलाची वाटते. कंपनीने काही नीतिशास्त्र लिहायला घेतले नव्हते. खेळ खेळ राहावा एवढीच तिची इच्छा असणार. पण रेघ पडली ती बरोबर जागी. शाळेच्या हजेरीपटाला हजर आणि गैरहजर हे दोनच शब्द कळतात. हजर असलेले पोर सकाळी काही खाऊन आले आहे की नाही, ते पट सांगत नाही. त्यासाठी मास्तराला मान वर करून पाहावे लागते.

नोव्हेंबर २०२० मध्ये आणखी एक बंधन आले. एक कळ दाबली की ती साऱ्या खिडक्यांत एकदम दाबली जाईल, अशी साधने काही जण वापरीत आणि पाच-पाच, दहा-दहा पात्रे एका बोटाने हलवीत. अशा साधनांवर कारवाई होईल असे कंपनीने जाहीर केले. दोन खाती आपल्या हाताने चालवायला बंदी नव्हती. हे योग्यच झाले असे माझे मत आहे. पाच खात्यांचे पैसे भरले, हा युक्तिवाद मला पटत नाही. पंगतीत पाच पाने मांडून एकट्याने बसायचे आणि वर पाचांचा आहेर केला म्हणायचे, त्यातलाच तो प्रकार. समोर एकटा आलेला खेळाडू पाच जणांशी लढत नसतो; तो पाच तोंडांच्या एकाच माणसाशी लढत असतो.

भाच्याचे प्रकरण मात्र इतके सोपे नाही. तो कुणाचे काही हिरावीत नाही. कामावरून येतो रात्री अकराला. अनोळखी सोबती घेतले तर हरल्यावर शिव्या पडतात, आणि त्या बहुधा पहिल्यांदा जखमा भरणाऱ्याला पडतात. "माझी मांत्रिकीण कधी कुरकुरत नाही," तो म्हणतो. मला बोचते ते तेवढेच. ती कुरकुरत नाही. 'आज नको, त्या गुहेत शिरू नकोस' असे ती कधी म्हणायची नाही, आणि सोबत्याचा निम्मा उपयोग तर त्याच्या नाही म्हणण्यात असतो. कादंबरीतले पात्र लेखक नेईल तिकडे मुकाट्याने जाऊ लागले की वाचक पुस्तक मिटतो. घरातले माणूस तसे वागू लागले, तर आपण त्याला समजूतदार म्हणतो.

पण त्याचा खेळ तासभर शेजारी बसून पाहिला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मारण्याचे मंत्र त्याने मॅक्रोवर टाकले होते. जखमा भरण्याचे टाकले नव्हते, कारण जखम किती खोल आहे ते मॅक्रोला दिसत नाही. म्हणून घटकेघटकेला त्याला मांत्रिकाची खिडकी सोडून मांत्रिकिणीच्या खिडकीत यावे लागे आणि तिच्या जागेवरून मांत्रिकाकडे पाहावे लागे. आणि मंत्रामंत्रांत थोडे थांबणे आलेच. पुष्कळ संसारांत एवढीही अदलाबदल होत नाही.

त्या रात्री मांत्रिक मेला. तिने उरलेला शत्रू कसाबसा संपवला. लढाई चालू असताना तिला मेलेल्याला उठवता येत नाही. मग ती उठवण्याचा मंत्र म्हणू लागली. तो चांगला दहा सेकंदांचा असतो. भाचा गप्प बसून होता. मंत्र संपला, पण मांत्रिक उठला नाही. त्याच्या खिडकीत एक प्रश्न आला होता: ही तुला उठवू पाहते आहे, मान्य आहे का? भाच्याने खिडकी बदलली, तो प्रश्न वाचला आणि होकाराची कळ दाबली.