आकाशातला तारणहार आणि कुंडीतले पाणी

'द डे द अर्थ स्टूड स्टिल' या चित्रपटाच्या २००८ मधील आवृत्तीत परग्रहवासी येतो, तो पृथ्वीला माणसापासून वाचवावयास. ही कल्पना आपल्याला भिववते आणि सुखावतेही; कारण निवाडा बाहेरून होणार असेल, तर उत्तरदायित्व आपल्या शिरावरून उतरते. जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय' कथेत ही पळवाट नाही. तेथे संकट ओळखणारा आणि उपाय शोधणारा माणूसच आहे.

बाहेरच्याचे साहाय्य त्याज्य आहे, असे नव्हे. आपल्या बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुल रहीम यांच्या काळात, एका इराणी जलतज्ज्ञाने कुंडी भंडारा रचला. सातपुड्यात मुरलेले पावसाचे पाणी भुयारांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आले. तज्ज्ञ परका होता. पाणी इथल्याच डोंगराचे होते. त्याने वाट दाखविली. पुढे गाळ उपसणे आणि डोंगरावरची झाडे राखणे, हे काम रहिवाशांचेच.

आपली घराणीही येथे एकेकाळी परकीच आली. हे पाणी पिऊन ती इथली झाली. मग ते राखण्यासाठी आपण आणखी कोणा परक्याची वाट का पाहावी?