सवलतींवर तरलेले बेट

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये मॉरिशसचे भवितव्य वर्तवले, ते निराशेचे होते. आदल्याच वर्षी कॅरोल चक्रीवादळाने बेट झोडपून काढले होते. मलेरिया हटल्यापासून लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि निर्यातीत साखर सोडली तर नाव घेण्याजोगे काही नव्हते. गोव्याहूनही बराच लहान असा हा मुलूख, मुळात माणसे पोसणार कशी? मीड यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळाले. मॉरिशसने मात्र त्यांचे भाकीत खोटे पाडले. त्याला ‘चमत्कार’ म्हणण्याची प्रथाच पडली आहे. मला त्यात वाटाघाटींतली चिवट हुशारी अधिक दिसते. या देशाच्या भरभराटीचा जवळजवळ प्रत्येक टप्पा कुणा मोठ्या सत्तेने करारात लिहून दिलेल्या सवलतीवर उभा आहे.

पहिली सवलत साखरेची. १९७५ च्या लोमे करारानुसार युरोपने मॉरिशसची वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या भावाने घ्यायचे कबूल केले, आणि हा भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजाराहून बराच चढा असे. हमीभावाची महती कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला सांगायला नको. तिथे तो देणारे सरकार परके होते, एवढेच. खरी कसोटी पुढची होती. मोठे मळे फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे, तर १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर सत्ता मुख्यतः गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांकडे. मळे ताब्यात घेऊन टाळ्या मिळवणे सोपे होते. शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने मालकी मालकांकडेच ठेवली, साखरेच्या निर्यातीवर कर बसवला आणि शिक्षण-आरोग्य मोफत केले. मालकांनीही नफा परदेशी न पळवता त्यातला बराचसा कापडगिरण्यांत आणि हॉटेलांत गुंतवला.

कापडाचा टप्पाही असाच. एदुआर लिम फात या प्राध्यापकांच्या आग्रहातून १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा आला. हाँगकाँगच्या कारखानदारांना युरोप-अमेरिकेच्या कापड कोट्याने जखडले होते. मॉरिशसचा कोटा रिकामा होता आणि युरोपात त्याच्या मालाला जकात नव्हती. ते आले, आणि हजारो बायका प्रथमच पगारावर रुजू झाल्या. मीड यांच्या हिशेबात हा कोटा कुठून असणार?

हे सारे निभावले ते राजकारणातल्या सामावून घेण्याच्या रीतीमुळे. संसदेत ६२ निवडून आलेले सदस्य, शिवाय मागे पडलेल्या समाजांसाठी पराभूत उमेदवारांतून आठ जागांपर्यंत भरती. उमेदवाराला अर्जावर आपला समाज लिहायला लावणारी ही सोय आजच्या नजरेला खटकते, आणि खटकायलाच हवी. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच आघाडीने ६० जागा जिंकल्या, तेव्हा आधीच्या सत्ताधाऱ्यांना सभागृहात पाय ठेवायला याच जागा कामी आल्या.

भारताने दिलेली सवलत आपल्या अधिक जवळची. १९८० च्या दशकारंभी झालेल्या दुहेरी करटाळणी करारानुसार शेअरविक्रीच्या नफ्यावर कर लावायचा अधिकार मॉरिशसचा, आणि मॉरिशस तो लावतच नव्हता. उदारीकरणानंतर मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या पत्त्यावर कंपन्या उगवल्या आणि दलाल स्ट्रीटवर पैसा तिथून येऊ लागला. त्यातला काही भारतातूनच जाऊन फिरून आलेला, असा संशय सतत घेतला गेला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही व्यवस्था वैध ठरवली. एकोणिसाव्या शतकात याच मुंबईच्या बंदरातून कोकणातली गरीब माणसे ऊस तोडायला त्या बेटावर गेली होती. त्यांच्या वंशजांची गणेश चतुर्थी आज तिथे राष्ट्रीय सुट्टी आहे. तो जिव्हाळा खरा असला, तरी बुडालेल्या कराचा भार भारतीय तिजोरीने सोसला, हे भावकीच्या भाषणांत कुणी बोलत नाही.

दिलेली सवलत देणारा काढूनही घेतो. कापड कोट्याची जागतिक पद्धत २००५ च्या आरंभी संपली. साखरेची हमी २००९ मध्ये गेली. २०१६ च्या दुरुस्तीने एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवरचा नफा भारताच्या करकक्षेत आला. २०२१ मध्ये भारताशी नवा व्यापार करार झाला, आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा असा पहिलाच. पण जुन्या करटाळणीची सर त्याला नाही.

म्हणून आता चागोस बेटांच्या नव्या सवलतीकडे लक्ष ठेवावे. स्वातंत्र्याआधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने ही बेटे ३० लाख पौंड देऊन मॉरिशसपासून तोडली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ उभा राहिला. मे २०२५ च्या करारात ब्रिटनने सार्वभौमत्व परत द्यायचे मान्य केले. बदल्यात तळ ९९ वर्षे भाड्याने आणि वर्षाला सरासरी दहा कोटी पौंडांच्या आसपास रक्कम. पैसे हाती पडण्याआधीच पोर्ट लुईच्या अर्थसंकल्पात त्यातून कर्ज फेडण्याचे बेत मांडले गेले. चिवट वाटाघाटींचे हे आणखी एक यश, यात वाद नाही. मात्र तळासाठी १९७३ पर्यंत ज्यांना बेटांवरून हाकलले, त्या चागोसवासीयांना वाटाघाटींच्या टेबलाशी खुर्ची नव्हती. करारानंतरही दिएगो गार्सियावर त्यांना परत वसता येणार नाही.