तप, ताप आणि संताप

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला गाणं ऐकायचं यंत्र म्हणणं हा निव्वळ शिष्टाचार झाला. मुळात ती शेगडी आहे. गाणं हा तिचा जोडधंदा. १९०४ साली फ्लेमिंगसाहेबांनी पहिला व्हॉल्व्ह केला तेव्हापासून तत्त्व एकच : काचेच्या आत धातू लालबुंद तापवायचा, म्हणजे इलेक्ट्रॉन बिचारे उकाडा सोसेना म्हणून बाहेर पडतात. (‘उकडतंय’ म्हणत गॅलरीत जाऊन उभे राहणारे आपण त्यांचेच भाऊबंद.) ईएल-३४ नावाच्या व्हॉल्व्हला या नुसत्या तापण्यासाठीच साडेनऊ वॅट लागतात, आणि माझ्या एका मित्राच्या अँप्लिफायरवर असे चार व्हॉल्व्ह ओळीने बसलेले आहेत.

त्यातून हा अँप्लिफायर ‘ए’ वर्गातला. शाळेतली ‘अ’ तुकडी डोळ्यांसमोर आणू नका. ‘ए’ वर्ग म्हणजे गाणं असो-नसो, वीज पूर्ण ओढायची. पंगतीला एकच पाहुणा येणार असला तरी दोनशे पानांचं आधण ठेवणारा आचारी असतो ना, तसं. गाणं मोठ्यानं चालू असलं तर निदान थोडी वीज स्पीकरकडे जाते. गाणं थांबलं की सगळी त्याच्याच अंगात. म्हणजे हा बोलत असला की कमी तापतो आणि गप्प बसला की जास्त. हा स्वभाव अनेकांना आपल्या घरातलाच वाटेल.

मित्राची ऐकायची खोली पुण्यातल्या जुन्या सोसायटीत, दहा बाय दहाची. अँप्लिफायर भिंतीतून दोनशेच्या आसपास वॅट घेतो. त्यातला बेताच्या आवाजाला लागतो एखादा वॅट. बाकी सगळी ऊब. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता देतो, तेव्हा हे यंत्र म्हणजे कायमचे मुक्कामाला आलेले दोन पाहुणे. चहा मागत नाहीत एवढंच. त्या खोलीतली हवा भरेल जेमतेम तीस किलो. भिंतींनी काही शोषलंच नाही, तर दर अडीच मिनिटांना पारा एक अंशानं चढावा. भिंती शोषतात, हे खरं. पण मे महिन्यात त्या दुपारपासूनच पोटभर शोषून बसलेल्या असतात.

मग पंखा लावा की, असं तुम्ही म्हणाल. मित्राला हे सांगून बघा! छताचा पंखा खोली थंड करत नाही, फक्त घाम वाळवतो. वर स्वतःची पन्नास-पाऊणशे वॅटची भर घालतो. आणि आवाज! विलंबित ख्यालात गवई षड्जावर स्थिरावलाय आणि वरून खटक-खटक. तेव्हा नियम असा झाला की विलंबिताला पंखा बंद आणि द्रुताला चालू, कारण तबल्याच्या धबडग्यात तो खपून जातो. रेकॉर्डची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. ती उलटताना सगळ्यांनी हात पसरून वारा खाऊन घ्यायचा. खिडकी उघडावी तर भंगारवाला मैफलीत येतो. शिवाय आपलं गाणं समोरच्यांच्या जेवणात जातं. उकाडा घरच्यांनी सोसायचा की गाणं शेजाऱ्यांनी, हा प्रश्न त्या एका खिडकीच्या कडीवर लोंबकळतो.

यंत्राची व्यवस्था मात्र मित्रानं चोख ठेवली आहे. ते बंद कपाटात नाही, आजूबाजूला वीतभर मोकळी जागा, डोक्यावर पुस्तक नाही की गणपती नाही. कारण उष्णता दहा अंशांनी वाढली की आतल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. खोलीत बसणाऱ्या माणसांसाठी असा ठोकताळा कुणी काढलेला नाही.

त्या खोलीत बसणारी माणसं दोन. तो आणि वहिनी. वहिनींना गाणं आवडतं, पण त्याहून, आपण शेजारी बसलेलं त्याला आवडतं हे त्यांना आवडतं. एका एप्रिलमध्ये त्यांनी वर्तमानपत्राच्या पुरवणीनं वारा घ्यायला सुरुवात केली. मित्रानं मान वळवून पाहिलं. कागद वाजत होता.

इथे मला नीतीचा प्रश्न पडतो. तप आणि ताप दोन्ही एकाच ‘तप्’ धातूतून आले. संताप आणि पश्चात्तापही तिथलेच. चाळीस अंशांत आपण होऊन बसला तो तपाला बसला. त्याच्या प्रेमाखातर जी बसली, तिला त्याच चाळीस अंशांचा ताप झाला. थर्मामीटरला हा फरक दाखवता येत नाही. मित्र म्हणतो, “मी तिला विचारलं होतं. ती ‘चालेल’ म्हणाली.” आता संसारातलं ‘चालेल’ म्हणजे होकार नव्हे आणि नकारही नव्हे, ते एक तिसरंच क्रियापद आहे, त्याला फक्त भविष्यकाळ असतो. “तिनं नको म्हणावं, आत्ता बंद करतो!” हेही तो वर ऐकवतो. म्हणजे गाणं लावण्याचा आनंद याचा आणि गाणं बंद पाडल्याचं पाप तिचं. विचारणारा मोकळा होतो आणि उत्तर देणारा अडकतो, अशा पद्धतीनं घेतलेली परवानगी मी तरी परवानगी मानत नाही.

छंद सोडून द्यावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्याला एकही निरुपयोगी छंद नाही अशा माणसाबरोबर दहा बाय दहाच्या खोलीत बसण्यापेक्षा व्हॉल्व्हबरोबर बसलेलं परवडलं. हल्ली तळहाताएवढे ‘डी’ वर्गाचे अँप्लिफायर मिळतात, घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज गाण्याला देतात आणि हाताला कोमट लागतात. मित्र त्या आवाजाला ‘फ्रिजमधला भात’ म्हणतो. असेल. कान त्याचा, भात त्याचा.

हे सगळं मी त्याला एकदा तावातावानं सुनावत होतो. वहिनी आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “भावोजी, इथेही पंखा बंदच असतो हो. गॅस विझतो.”

मी गप्प झालो. गॅसचा एक बर्नर म्हणजे सहज दीड-दोन हजार वॅट. आठ-दहा अँप्लिफायर एकावर एक. तीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ त्या त्यांच्यासमोर उभ्या आहेत आणि त्या उष्णतेच्या गरम पोळ्या खाताना ‘तुला चालेल ना?’ एवढंही त्यांना कुणी विचारलेलं नाही. मीही तिथे जेवलो आहे. त्याच दिवशी जेवलो. पोळ्या छान होत्या.

मित्रानं त्या आठवड्यात ऐकायच्या खोलीसाठी एक महागडा, आवाज न करणारा एक्झॉस्ट पंखा आणून ठेवलेला होता. भिंत फोडायला गवंडी आला, त्यानं “कुठं बसवायचा?” म्हणून विचारलं, आणि तो पंखा स्वयंपाकघरात बसला. मित्र याबद्दल बोलत नाही, मीही विचारत नाही. बाहेरच्या खोलीत मोठा अँप्लिफायर आता दिवाळी ते होळी एवढाच चालतो. उन्हाळ्यात ईएल-८४ चा लहानसा, त्याच्या निम्म्याहून कमी वीज खाणारा. तो त्यानं वरच्या झरोक्याच्या बरोबर खाली ठेवलाय, म्हणजे गरम हवा परस्पर वरून निघून जाते. आणि ऐकायचं ते रात्री नऊनंतर.

परवा गेलो होतो. वहिनींच्या हातात वाळ्याचा पंखा होता, पाणी शिंपडलेला. तो वाजत नाही. ख्याल चालू असताना त्या स्वतःला वारा घालत होत्या, मध्येच दोन झोत नवऱ्याकडे, आणि मग वाकून एक अँप्लिफायरकडे.

“त्यालाही होत असेल हो,” त्या हळूच म्हणाल्या. मित्रानं मान वळवून पाहिलं, पण या खेपेला तो काही बोलला नाही. पाणी व्हॉल्व्हवर उडू नये म्हणून त्यानं त्यांचा हात फक्त वीतभर मागे घेतला.