राक्षसाला शिंगं नकोत



मी दाभोशाचा. बोईसरच्या एका गिरणीत साच्यावर उभा राहतो, रात्रपाळी सुटली की वहीत खरडतो. शाळा नववीत सुटली, तेव्हा साहित्यशास्त्र मला कुणी शिकवलं नाही. पण एक प्रश्न डोकं खातोय. गोष्टीतला दुष्ट माणूस लिहायचा कसा? आणि तो लिहिताना आपण आपल्याच माणसांवर अन्याय तर करत नाही ना?

आमच्या जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. संबळाच्या तालावर रात्रभर सोंगं नाचतात. रावण येतो, त्राटिका येते. वटारलेले डोळे, बाहेर आलेले दात. तरी पोरं खिदळत असतात. मुखवट्याखाली शेजारचा काका आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

भीती मी पाहिली ती दुसरीकडं. दिवाळीनंतर आमच्याकडची माणसं बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात. आठवड्याला खर्ची मिळते, हिशोब पावसाच्या तोंडावर. एका वर्षी आम्हीही गेलो होतो. मालक दिसायला देवमाणूस. गोड बोलायचा, पोरांच्या हातावर गोळ्या ठेवायचा, आवाज कधी चढवला नाही. पण त्याची गाडी वळणावर वाजली की बाप तोंडातली विडी मुठीत विझवायचा. मुठीत! आई बोलता बोलता थांबायची. आत्या माझ्या थोरल्या बहिणीला झोपडीत ढकलायची. मालक कसा आहे हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही.

बाबूराव बागुलांना हे कधीच कळलं होतं. १९६३ साली आलेल्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातली त्याच नावाची कथा बघा. जात लपवून परगावी नोकरीला गेलेला पोरगा. मार त्याला शेवटी बसतो, पण भीती आधीपासून त्याच्या अंगात आहे. लोक मान देतात तेव्हाही तो घाबरतो. मान मिळाल्यावर माणूस घाबरतो, म्हंजे ती व्यवस्था किती विषारी असेल? हा हिशोब वाचकच करतो. लेखकाला शिव्या खर्चाव्या लागत नाहीत.

मीही तसंच लिहिलं. विडी, गोळी, गप्प झालेली आई. कथा आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "समदं खरं लिवलंस. पण मंग आत्यानं कागद मागितला ते कुठंय?"

मी गप्पगार. निघायच्या दिवशी मालक तोंडीच आकडा सांगत होता. आत्या पुढं होऊन म्हणाली होती, "शेठ, किती हजार इटा पाडल्या, कागद दाखव." कागद मिळाला नाही. मालक हसला. पण मुनीमानं वही मिटून काखेत घट्ट धरली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि नेमकं तेच गाळलं. का? राक्षस मोठा दिसावा म्हणून!

इथं प्रश्न नीतीचा होतो. आपल्या माणसांची थरथर म्हंजे दुष्टाच्या तोंडावर धरायचा कंदील आहे का? नुसती थरथर लिहिली तर मालक पानागणिक वाढत जातो, आणि बाप, आई, आत्या त्याचा आरसा होऊन राहतात. जे भट्टीवर झालं, तेच कथेत पुन्हा होतं.

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचा, १९७० चं. ती कादंबरी नाही, घडलेलं आहे. १९४५ साली आपल्या शेजारच्या उंबरगाव-डहाणूकडचे वारली वेठीला नाही म्हणाले. जमीनदार तेच, जमीन तीच. समोरच्या माणसानं मान वर केली, तेव्हा जमीनदाराचा खरा आकार दिसला.

मी कथा पुन्हा लिहितोय. विडी आहे, गोळी आहे. आत्याचा प्रश्न मधोमध आहे, आणि शेवटी मुनीमाच्या काखेतली वही. मालकाचं वर्णन दीड ओळ उरलंय.

तेवढं त्याला पुरे.